खेडवळांनी जपलेलं क्रियापद

सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली आपला इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध केला. सुमारे ४२ हजार शब्दांच्या त्या अवाढव्य कामात एका छोट्याशा क्रियापदापुढे त्याने शेरा मारून ठेवला आहे: सर्व अर्थांनी कालबाह्य, खेडवळ माणसं सोडली तर क्वचितच कुणी वापरतं. ते क्रियापद म्हणजे ‘डॉफ’. अंगावरचं काढणं, उतरवणं, आणि विशेषकरून डोक्यावरची टोपी काढून डोकं उघडं करणं.

जॉन्सनबद्दल मला आदर आहे. एकट्याच्या खांद्यावर एवढा कोश पेलणारा माणूस विरळाच. पण हा शेरा मला दरवेळी खटकतो. खेडवळ माणसं एखादा शब्द वापरत असतील, तर तो मेला कसा म्हणायचा?

हा शब्द घडला कसा, ते पाहिलं की त्याचा खेडवळपणा लगेच कळतो. ‘डू’ आणि ‘ऑफ’ हे दोन शब्द बोलता बोलता एकमेकांत मिसळले आणि ‘डॉफ’ झाला. चौदाव्या शतकातल्या इंग्रजीत तो रुळलेला दिसतो. याच पद्धतीने ‘डू’ आणि ‘ऑन’ मिळून ‘डॉन’ झाला, म्हणजे अंगावर चढवणं. या घरात आणखी दोन भावंडं होती. ‘डू’ आणि ‘अप’चा ‘डप’, म्हणजे दार उघडणं. ‘डू’ आणि ‘आउट’चा ‘डाउट’, म्हणजे दिवा विझवणं. शंकेच्या ‘डाउट’शी याचं काही नातं नाही. हॅम्लेटमध्ये वेडाच्या भरात ऑफिलिया जे गाणं म्हणते, त्यात तो तरुण उठतो, कपडे ‘डॉन’ करतो आणि खोलीचं दार ‘डप’ करतो. चारातली दोन भावंडं एकाच कडव्यात शेजारी शेजारी उभी आहेत. पुढे ‘डप’ गेला. ‘डाउट’ बोलीभाषांत आणि मेणबत्ती विझवण्याच्या चिमट्याच्या नावात तेवढा उरला. ही सगळी कामं दिवसभरात घरात होणारी: कपडे घालणं, काढणं, दार उघडणं, दिवा मालवणं. घाईत असणाऱ्या माणसांच्या तोंडी झिजून झालेले हे शब्द आहेत, पंडितांनी लॅटिनवरून बेतलेले नाहीत.

आता प्रश्न येतो तो ‘डू’चा. ‘करणं’ हा अर्थ धरला तर ‘ऑफ करणं’ असं काहीतरी विचित्र होतं. पण जुन्या इंग्रजीत या धातूचा एक अर्थ ‘ठेवणं’ असाही होता. डॉफ म्हणजे ‘काढून ठेव’, डॉन म्हणजे ‘वर ठेव’. आणि इथे मला थांबावंसंच वाटतं, कारण हा धातू आपल्याही घरचा आहे. इंग्रजी ‘डू’ आणि संस्कृत ‘धा’ एकाच मुळाची. धा, दधाति: ठेवणे, धारण करणे. ‘परिधान’ या शब्दात हाच ‘धा’ बसला आहे. नवरीने शालू परिधान केला, असं निवेदक लग्नात म्हणतो तेव्हा इंग्रजी ‘डॉन’मधलाच धातू तो उच्चारत असतो, फक्त हजारो वर्षांच्या वाटेने आलेला. नावाला आपण ‘अभिधान’ म्हणतो, तिथेही तोच. झाकणाला संस्कृतात ‘अपिधान’ किंवा ‘पिधान’ म्हणतात, तिथेही तोच. आपले खगोलशास्त्राचे लेखक चंद्राने तारा झाकला की ‘पिधान’ झालं असं लिहितात. आणि ज्यांच्या घरात जेवणाआधी आपोशनी घेण्याची रीत अजून आहे, त्यांना हा शब्द रोजचा आहे. जेवण सुरू करताना ‘अमृतोपस्तरणमसि’, म्हणजे हे पाण्या, तू अमृताखालचं अंथरूण आहेस. जेवण संपताना ‘अमृतापिधानमसि’, तू अमृतावरचं झाकण आहेस. एका घोटाचं अंथरूण, एका घोटाचं पांघरूण.

झाकण घालणारा धातू तोच आणि उघडणाराही तोच. सारा फरक मागे-पुढे लागणाऱ्या इवल्याशा शब्दाचा. भाषांच्या नात्यांबद्दल वाचताना मला एवढा आनंद फार थोड्या ठिकाणी झाला आहे.

शेक्सपिअरने या क्रियापदाला कपड्यांच्या पलीकडे नेलं. सज्जात उभी राहून ज्युलिएट म्हणते, रोमिओ, तुझं नाव काढून टाक, तो तुझा भाग नाही, आणि त्याच्या बदल्यात मला सगळीच्या सगळी घे. नाव काढून टाकण्यासाठी तिने वापरलेला शब्द डॉफ. एखादी मुलगी ओल्या अंगरख्याबद्दल बोलेल तितक्या सहजपणे ती एका अख्ख्या घराण्याच्या नावाबद्दल बोलते. ‘किंग जॉन’मध्ये कॉन्स्टन्स ऑस्ट्रियाच्या ड्यूकला सुनावते: सिंहाचं कातडं पांघरतोस? लाज वाटू दे, काढ ते, आणि त्या भेकड अंगावर वासराचं कातडं घाल. तिथेही डॉफ. मॅकबेथमध्ये रॉस सांगतो की आमच्या बायकासुद्धा लढायला उठतील, आपली घोर दुःखं उतरवून टाकण्यासाठी. पुन्हा डॉफ. नाव, सोंग आणि दुःख. तिन्ही अंगाला चिकटलेली, आणि तिन्ही ठिकाणी हा शब्द सांगतो की ती वरून घातलेली आहेत, काढता येतील.

शेक्सपिअर गेल्यावर दीडशे वर्षांच्या आत जॉन्सनला हा शब्द खेड्यापुरता उरलेला वाटला. मग एकोणिसाव्या शतकात वॉल्टर स्कॉटने आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांसाठी जुनी भाषा उकरून काढली आणि डॉन व डॉफ या जोडीला पुन्हा छापील प्रतिष्ठा मिळवून दिली. कोशकार याचं श्रेय स्कॉटला देतात. ते खरंच आहे. पण माझ्या मते या शब्दाचा खरा इतिहास पुस्तकांबाहेर घडला. त्यातला पहिला भाग टोपीचा.

सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये कुणापुढे टोपी काढायची आणि कुणापुढे नाही, यावर समाजाची उतरंड उभी होती. नोकर मालकापुढे काढी, मुलगा बापापुढे, कूळ जमीनदारापुढे, आणि न्यायासनापुढे सगळेच. अशा देशात १६४९ साली, राजा चार्ल्सचा शिरच्छेद होऊन तीन महिनेही झाले नव्हते तेव्हा, जेरार्ड विन्स्टन्ली आणि विल्यम एव्हरार्ड हे दोघं सेनापती फेअरफॅक्ससमोर उभे राहिले. जमीन सर्वांची आहे असं म्हणत सरेमधल्या पडीक टेकडीवर भाजीपाला लावणाऱ्या डिगर लोकांचे हे पुढारी. त्यांनी टोपी काढली नाही. का, असं विचारल्यावर उत्तर आलं: सेनापतीही आमच्यासारखाच देवाने निर्मिलेला जीव आहे.

मग क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाचे लोक आले. त्यांचा गुरू जॉर्ज फॉक्स याने लिहून ठेवलं आहे की लहान-मोठ्या कुणाहीपुढे टोपी काढण्याची मला देवानेच मनाई केली. क्वेकर सगळ्यांना एकेरीत हाक मारत, अगदी न्यायाधीशालाही. जिथे ‘तू’ आणि ‘आपण’ यांच्यामध्ये अख्खी जात, वय आणि पगार उभा असतो, अशी भाषा बोलणाऱ्या आपल्याला यातलं धाडस समजावून सांगावं लागत नाही. टोपी न काढल्याबद्दल या लोकांनी मार खाल्ला, दंड भरले, तुरुंग भोगले.

यातला सर्वांत गाजलेला प्रसंग १६७० च्या सप्टेंबरमधला. पंचवीस वर्षांचा विल्यम पेन आणि त्याचा सहकारी विल्यम मीड यांच्यावर लंडनच्या रस्त्यात प्रवचन करून बेकायदा जमाव जमवल्याचा खटला ओल्ड बेलीत उभा राहिला. आत येताना शिपायाने त्यांच्या टोप्या आधीच काढून घेतल्या होत्या. न्यायासनावरून हुकूम झाला, घाला परत यांच्या डोक्यावर. शिपायाने घातल्या. आणि लगेच सवाल आला, न्यायालयापुढे टोप्या का काढत नाही? दोघांना प्रत्येकी चाळीस मार्क दंड. पेनचं म्हणणं असं की आम्ही आलो तेव्हा डोकी उघडीच होती, टोप्या न्यायासनाच्या हुकमाने चढल्या, तेव्हा दंड व्हायचा तर न्यायासनाला व्हावा.

पुढचं सगळ्या जगाला उपयोगी पडलं. ज्यूरींनी पेनला दोषी ठरवायला नकार दिला. त्यांना अन्नपाण्यावाचून, विस्तवावाचून कोंडून ठेवलं, तरी ते हलले नाहीत. शेवटी त्यांनाच दंड ठोठावला. एडवर्ड बुशेल आणि इतर तिघांनी तो भरायला नकार दिला आणि तुरुंगात बसून दाद मागितली. सरन्यायाधीश व्हॉन यांनी निर्णय दिला की ज्यूरीला तिच्या निकालाबद्दल शिक्षा करता येणार नाही. खटला टोपीचा नव्हता, हे मान्य. पण न उतरवलेल्या टोपीतली ताठ मान आणि कोंडलेल्या ज्यूरींची ताठ मान मला एकाच जातीची वाटते.

सैन्यात मात्र ही रीत वेगळ्याच कारणाने गेली. १७४५ साली कोल्डस्ट्रीम गार्ड्सच्या शिपायांना हुकूम निघाला की अधिकारी समोरून गेला तर टोपी काढू नये, नुसता हात टोपीला लावून मान लववावी. १७६२ चा दुसऱ्या एका पलटणीचा हुकूम कारणही देतो: सारखी टोपी काढल्याने ती बेढब होते आणि तिची किनार मळते. टोपीकडे निघालेला हात वाटेतच थांबला, तो आजचा सॅल्यूट. ब्रिटिश संसदेत याच्या उलट एक नियम होता. मतविभागणी सुरू असताना हरकतीचा मुद्दा मांडायचा तर सभासदाने बसून आणि डोकं झाकूनच बोलायचं. त्यासाठी सभागृहात एक घडीची टोपी ठेवलेली असे आणि ती गरजेप्रमाणे हातोहात फिरे. १९९८ साली तो नियम संपला.

अशी ही माणसं समुद्रावरून आपल्या किनाऱ्यावर उतरली, तेव्हा आपल्याकडच्यांनी त्यांच्यातली नेमकी हीच गोष्ट टिपली. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस या सगळ्यांना मिळून एक नाव आहे: टोपीकर. धर्म, भाषा, देश वेगवेगळे, पण डोक्यावर टोपी सगळ्यांच्या.

आणि आपल्याकडे मानाचा हिशेब नेमका उलटा. इथे मोठ्यांपुढे डोकं झाकायचं. पगडी, पागोटं, फेटा, डोईवरचा पदर. बोडक्या डोक्याने चारचौघांत जायचं ते सुतकात. कुणाच्या पायावर पागोटं ठेवणं ही शरणागतीची शेवटची पायरी, आणि दुसऱ्याची पगडी उतरवणं हा अपमान. उघडं करायचं ते पाऊल. वहाणा उंबऱ्याबाहेर. साहेबाच्या रीतीप्रमाणे आदर वरून काढायचा आणि आपल्या रीतीप्रमाणे खालून. दोन्ही रीती आपापल्या जागी सुंदर आहेत, जोवर दोन्ही बाजूंची माणसं स्वतःहून त्या पाळतात.

राज्य कुणाचं हे एकदा ठरलं की मात्र दोन्ही रीतींचा भार एकाच बाजूवर पडतो. कंपनीच्या साहेबांनी स्वतः बूट घालून वावरायचं ठरवलं, पण त्यांच्यासमोर येणाऱ्या इथल्या माणसाने जोडे बाहेर काढावेत, असा आग्रह चालू ठेवला. १८५४ साली गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलने बंगालपुरती थोडी सूट दिली: युरोपीय धर्तीचे बूट घालणाऱ्यांना सरकारी प्रसंगी ते पायात ठेवता येतील. देशी जोडा घातलात तर काढा, विलायती घातलात तर चालेल. १८६२ साली मुंबई इलाख्यातल्या सुरतेत माणकजी कावसजी एंटी या पारशी गृहस्थांनी जोडे घालून न्यायालयात प्रवेश करायचा प्रयत्न केला. त्यांना अडवण्यात आलं. ते वाद घालत राहिले आणि हे प्रकरण ‘जोड्यांचा मोठा प्रश्न’ म्हणून वर्षानुवर्षं गाजलं. पेनच्या टोपीनंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी तोच प्रश्न पायाशी येऊन उभा राहिला होता: मी काय काढायचं, हे ठरवणार कोण?

मी हा शब्द इंग्रजी पुस्तकात वाचायच्या कितीतरी आधी मराठीत ऐकला होता. लालबागच्या चाळीत वाढणाऱ्या कुठल्याही मुलीने ऐकला असता. आमच्या शेजारचे नाना कापड गिरणीत, सूत कातण्याच्या रिंग खात्यात तारवाला होते, पण लागले तेव्हा डॉफर म्हणून लागले होते. माझ्या कानाला डॉफर हा जॉबर, मुकादम, बदली यांच्याच माळेतला शब्द होता. त्यात काही इंग्रजी आहे असं वाटायचंही कारण नव्हतं.

“नाना, डॉफर म्हणजे काय हो?” असं मी एकदा विचारलं होतं.

“अगं, भरलेल्या बॉबिनी उपटायच्या आणि रिकाम्या बसवायच्या. आणि तोंड मिटून ठेवायचं. उघडलं की कापूस आत.”

रिंग फ्रेम म्हणजे सूत कातायचं यंत्र, गिरणीच्या बोलीत साचा. तिच्या दोन्ही अंगांना चात्यांची, म्हणजे फिरत्या टकळ्यांची, लांबच लांब रांग असते. प्रत्येक चातीवर एक बॉबिन आणि तिच्यावर पिळलेलं सूत गुंडाळत जातं. बॉबिनी भरल्या की साचा थांबवायचा, भरलेली प्रत्येक बॉबिन चातीवरून उपसून टोपलीत टाकायची, उघड्या पडलेल्या चातीवर रिकामी बॉबिन दाबून बसवायची आणि साचा पुन्हा चालू करायचा. तुटलेली तार जोडायची ती तारवाल्याने. हे चातीवरचं उतरवणं म्हणजे डॉफ. जाड सूत असेल तर बॉबिन लवकर भरते, बारीक असेल तर उशिरा. पण भरल्यावर साचा जितका वेळ उभा राहील तितकं सूत कमी, म्हणून डॉफ काढायचा तो धावत. इचलकरंजी-सोलापूरकडच्या सूतगिरण्यांत आजही ‘डॉफ’ हाच शब्द आहे, जरी पुष्कळ ठिकाणी ते काम आता यंत्र करतं.

लँकेशरच्या गिरण्यांमध्ये हा शब्द शिरला तेव्हा तो कोशातून उचललेला नव्हता. खेड्यांतून गिरणीत आलेल्या माणसांनी तो बोलीतून आणला असणार, असं मला वाटतं. जॉन्सनने ज्यांना खेडवळ म्हटलं, त्यांची नातवंडं-पतवंडं आता यंत्रापुढे उभी होती, आणि यंत्रावरून काहीतरी उतरवायचं म्हटल्यावर त्यांच्या तोंडी घरातलाच शब्द आला. तिथून तो बेलफास्टच्या लिनन गिरण्यांत पोरींच्या टोळ्यांचं नाव झाला, अमेरिकेच्या दक्षिणेत गेला आणि मुंबईत आला. तारदेवला कावसजी नानाभाई दावर यांची पहिली कापड गिरणी उभी राहिली ती १८५०च्या दशकात, आणि पुढे मुंबईच्या गिरण्यांच्या वेतनाच्या नोंदींत ‘डॉफर बॉय’ असा हुद्दाच दिसू लागला.

बॉय हा शब्द तिथे उगाच नाही. हे काम मुलांचं मानलं जाई. बोटं चपळ, अंग लहान आणि मजुरी त्याहून लहान. १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी केली आणि सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. ही सुधारणा होती, हे वाचून आधी काय चालत असेल याची कल्पना करावी. १८९१ मध्ये किमान वय नऊवर आलं, आणि नऊ ते चौदा वर्षांच्यांसाठी सात तास. मध्ये, १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या झुंजीमुळे गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली होती. आपण सगळेच ती आजही उपभोगतो, आणि लोखंड्यांचं नाव पुरेसं घेत नाही.

अमेरिकेतल्या डॉफर मुलांचे चेहरे आपल्याला माहीत आहेत ते लुईस हाइनमुळे. पेशाने शिक्षक असलेला हा माणूस बालकामगारविरोधी राष्ट्रीय समितीसाठी कॅमेरा घेऊन गिरण्यांमधून हिंडला. आत शिरण्यासाठी कधी विमा एजंट होई, कधी यंत्रांचे फोटो काढणारा. मुलांच्या उंचीचा अंदाज तो आपल्या कोटाच्या बटणांवरून घेई. जानेवारी १९०९ मध्ये जॉर्जियातल्या मेकन गावी त्याने काढलेल्या छायाचित्रात दोन मुलगे चालू साच्यावर चढून उभे आहेत, कारण जमिनीवरून त्यांचा हात बॉबिनपर्यंत पोचत नाही. एकाचे पाय अनवाणी आहेत. हे छायाचित्र मी फार वेळ बघू शकत नाही. या मुलांना गिरणीबाहेर काढणारा देशव्यापी कायदा १९१६ साली झाला, १९१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, आणि टिकाऊ कायदा व्हायला १९३८ साल उजाडलं. त्याच कायद्याने किमान वेतन आणि जादा कामाचा दीडपट मोबदलाही आणला. हे १९३८ साल लक्षात असू द्या.

१९८२च्या संपानंतर नानांची गिरणी त्यांच्यासाठी पुन्हा उघडली नाही. ते कोकणात गावी गेले. लालबाग-परळमध्ये भोंगे थांबले, तारवाला आणि डॉफर हे शब्दही म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात उरले, आणि मला वाटलं की मुंबईपुरता तरी हा शब्द आता संपला.

मग २०२० आलं. माझी मावसबहीण एका मोठ्या सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. त्या एप्रिलमध्ये तिचा फोन लागायचा नाही, आणि लागला तर घाईघाईत ती म्हणायची, “डॉफिंगला चाललेय गं, नंतर करते.” वॉर्डाच्या एका बाजूच्या दारावर डोनिंग, दुसऱ्या बाजूच्या दारावर डॉफिंग असे कागद चिकटवलेले. परिचारिका, वॉर्डबॉय, सफाई कामगार, शिकाऊ डॉक्टर, सगळ्यांच्या तोंडी हे दोन शब्द. साडेसहाशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज शेतकऱ्याच्या तोंडची ती जोडी.

पीपीई, म्हणजे संसर्गापासून वाचवणारा पोशाख, चढवण्यापेक्षा उतरवणं अवघड, हे तिच्याकडून कळलं. चढवताना सगळं स्वच्छ असतं. उतरवताना बाहेरच्या बाजूवर विषाणू असू शकतो, आणि आतला माणूस तासन् तास घामाने निथळलेला, तहानलेला, थकलेला असतो. नेमक्या त्या वेळी एकेक गोष्ट ठरल्या क्रमाने, सावकाश करायची असते. हातमोजे उलटे करत काढायचे, म्हणजे बाहेरची बाजू आत जाते. झगा खांद्यापासून गुंडाळत खाली न्यायचा. चष्मा मागच्या पट्ट्याला धरून. मास्क सगळ्यात शेवटी, समोरून हात न लावता. प्रत्येक पायरीनंतर हात धुवायचे. २०१४ साली इबोलाच्या साथीत माद्रिदमधल्या एका परिचारिकेला लागण झाली, तेव्हा झगा उतरवताना हातमोजा चेहऱ्याला लागला असावा, हीच शक्यता पुढे आली. त्याच ऑक्टोबरात अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने नियम कडक केले आणि उतरवणाऱ्याच्या समोर एक प्रशिक्षित माणूस उभा राहून प्रत्येक पायरी मोठ्याने सांगत राहील, असं बंधन घातलं. विशेषतः उतरवताना कुणीतरी बघत असायला हवं.

आता १९३८च्या कायद्याकडे येते. वॉशिंग्टन राज्यात पास्को इथल्या मांस कारखान्यातले कामगार कामाला लागण्याआधी हेल्मेट, झगे, हातमोजे आणि सुऱ्यांपासून बचाव करणारी साखळीची चिलखतं घालत आणि शेवटी ती उतरवत. कपाटाच्या खोलीपासून कामाच्या जागेपर्यंत चालण्याचे पैसे मिळावेत, म्हणून ते कोर्टात गेले. मेन राज्यातल्या कोंबडीच्या कारखान्यातल्या कामगारांचा दावा त्याला जोडला गेला. नोव्हेंबर २००५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला, न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांच्या लेखणीतून. कामासाठी अत्यावश्यक असा पोशाख चढवला, की कामाचा दिवस सुरू झाला. त्यानंतरचं चालणं हे काम. तो उतरवण्यासाठी रांगेत उभं राहणं हेही काम. पहिल्यांदा चढवण्यासाठी रांगेत ताटकळणं मात्र काम नाही. २०१४ साली पोलाद कामगारांचा असाच दावा फेटाळला गेला, कारण त्यांच्या अंगावरची बहुतेक साधनं ‘कपडे’ ठरली आणि कपडे बदलण्याच्या वेळेबाबत संघटनेने आधीच करार केला होता. अमेरिकन कामगार कायद्यात या सगळ्या खटल्यांना एकच नाव आहे: डोनिंग आणि डॉफिंग. ज्या कायद्याने डॉफर पोरांना साच्यावरून खाली उतरवलं, त्याच कायद्याखाली आता डॉफिंगची मिनिटं मोजली जातात.

यातला चढवणं आणि उतरवणं यांमधला फरक मला पटतो. चढवण्याआधी माणूस अजून स्वतःचा असतो, वाटलं तर मागे फिरू शकतो. एकदा चढवल्यावर काढून ठेवेपर्यंत तो कामाचा असतो, मग पाळी संपल्याचं घड्याळ काहीही सांगो.

मावसबहिणीच्या रुग्णालयात त्या उन्हाळ्यात पाळी सहा तासांची लावली होती. सुटण्याची वेळ झाली की हजेरीपटावर सही व्हायची, आणि त्यानंतर ती डॉफिंगच्या रांगेत उभी राहायची. खोली एक, आत एका वेळी एकच माणूस, मध्ये खोली निर्जंतुक करायची, मागे दहा-बारा जणी. कधी अर्धा तास लागायचा, कधी त्याहून जास्त, आणि तेवढा वेळ झगा, मास्क, चष्मा सगळं अंगावरच. तो वेळ कुठल्याच कागदावर नाही. टाळ्या-थाळ्यांचा गौरव तिला नको होता, आजही नको आहे. तो रांगेतला वेळ ड्यूटीत धरा, एवढंच तिचं आणि तिच्या सोबतिणींचं लेखी मागणं होतं. मला ते मागणं रास्त वाटतं, आणि पुढची साथ येण्याआधी ते नियमांत आलेलं असावं असं वाटतं.